निरंक

कोसारीच्या नगरपरिषदेनं खानावळी आणि हॉटेलवाल्यांची तपासणी लावली, त्या सकाळी शेवंताबाई कोहपरे रांगेत सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. त्यांना घाई होती. शेगडीवर डाळ चढवून आल्या होत्या, कणीक पंचफुलाच्या हातात सोपवली होती, आणि तंत्रनिकेतनची पोरं जेवायची वेळ झाली की अजिबात दम धरत नाहीत हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

नर्सनं कानाची पाळी कापसानं पुसली, बारीकशी सुई टोचली आणि चिमटीत दाबून एक थेंब काचपट्टीवर घेतला.

"झालं काकू. दुखलं का?"

"छ्या! आमच्या टायमाले पात्यानं चिरा देत. हे तर मच्छर चावल्यावानी वाटलं."

नर्स हसली, शेवंताबाईही हसल्या आणि पदर खोचून घराकडे चालू लागल्या. दुपारी पंचफुलाही थेंब देऊन आली. संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर लाल चौकट होती. 'अवशेष आढळले. निरंक नाही. पुढील आदेशापर्यंत परवाना स्थगित.'

शेवंताबाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुला भिंतीला टेकून, फोन मांडीवर उपडा ठेवून बसली होती. तो उलटून बघायची गरज नव्हती. दोघी एकाच वसाहतीतल्या होत्या, टेकडीपलीकडच्या. लोक त्या रोगाला महारोग म्हणत, सरकारी कागद कुष्ठरोग म्हणत, आणि ज्या घरात तो निघे तिथं त्याचं नावच घेत नसत. शेवंता तेरा वर्षांची असताना तिच्या कानाची पाळी पात्यानं चिरली गेली होती. मग दोन वर्षं गोळ्या. त्यातल्या एकीनं लघवी लाल व्हायची आणि ती घाबरून रडायची. शेवटी वसाहतीतल्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "संपलं. तू बरी झालीस." डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. त्याच हातानं लाटणं धरून त्यांनी खानावळ उभी केली, नवरा गेल्यावर लेक शिकवली.

आणि ही चाचणी त्या लेकीनंच बनवली होती.

तेजल पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रेणू घडवायची. साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते. दोन गोष्टी फारच जवळ असल्या की प्रकाशाची लाट त्यांना वेगळं करू शकत नाही. दोन्ही मिळून एकच धूसर ठिपका दिसतो. जंतू दिसतो, पण त्याच्या कवचाचा तुकडा त्या धूसरपणात हरवतो. तेजलचा रेणू त्या कवचाला चिकटायचा आणि अंधारात गप्प बसायचा. जांभळ्या प्रकाशाची हलकीशी चपराक बसली की लाखांतले मोजके रेणू जागे होत, हिरव्या प्रकाशात क्षणभर तांबडे चमकत आणि विझत. मग पुढचे मोजके जागे होत. यंत्र प्रत्येक चमकेची नेमकी जागा टिपून घेई, आणि हजारो चित्रं एकावर एक रचली की जे कधीच दिसलं नव्हतं ते स्वच्छ दिसे.

आईला तिनं हे खानावळीतच बसून समजावलं होतं. "सगळी पोरं एकदम 'पोळी, पोळी' ओरडली तर तुला काय कळतं?"

"नुसता गलका."

"आणि एकेकानं ओरडलं तर?"

"मंग कोपऱ्यातल्याले पाहिजे का खिडकीजवळच्याले, डोये मिटून सांगन."

"तेवढंच केलंय मी. रेणूंना एकेक करून ओरडायला लावलंय."

शेवंताबाईंना ते इतकं आवडलं होतं की महिनाभर त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या. कारणही होतं. हा रोग नसांमध्ये दबा धरून बसतो. चट्टा दिसेपर्यंत, हात बधिर होईपर्यंत नस गेलेली असते. तेजलची चाचणी आली आणि मुलांच्या अंगात शिरलेले जंतू चट्टा उमटण्याआधीच सापडू लागले. गोळ्या दिल्या की काम भागे. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात वाकड्या बोटांचं नवं पोर बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

पण एकदा एखादी गोष्ट दिसू लागली की ती कोणाकोणात आहे हे बघायची हाव सुटते. कोसारीत नवा नियम झाला: अन्नाला हात लावणारा माणूस 'निरंक' असला पाहिजे. मग न्हावी आले, पाळणाघरातल्या बाया आल्या. लग्नाच्या परिचयपत्रात उंची आणि रक्तगटाखाली 'निरंक' लिहायची पद्धत पडली. जंतू मेला तरी त्याच्या कवचाचे कण शरीरात वर्षानुवर्षं पडून राहतात, हे नियम करणाऱ्यांनी विचारातच घेतलं नाही. यंत्राला मेलेला आणि जिवंत कळत नव्हता. त्याला फक्त कवच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आरोग्य अधिकारी डॉक्टर डवरे यांच्या खोलीत जाऊन बसल्या. डवरे भला माणूस होता. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"काकू, तुमच्यापासून कोणाला काडीचा धोका नाही, हे मला माहीत आहे."

"मंग लिहून द्या तसं."

"नियमात 'निरंक' शब्द आहे. मी काय करू? लोक घाबरतात. पालकांचे फोन येतात." डवरेंनी चष्मा काढून पुसला. "थोडा धीर धरा. तुमच्या तेजलनंच दुसरा रेणू काढलाय. जंतू जिवंत असेल तरच तो चमकतो. तेवढी चाचणी दिली की मी स्वतः प्रमाणपत्र आणून देतो."

चहा आला. शेवंताबाईंनी कपाकडे पाहिलं. तो कागदाचा होता. डवरेंच्या हातात चिनीमातीचा होता. शिपायाची चूक असेल, नसेलही. त्या चहा न पिताच उठल्या.

रविवारी तेजल आली. हातात छोटी शीतपेटी होती. खानावळीतले बाक भिंतीला लावून ठेवलेले पाहून तिचा चेहरा उतरला, पण आवाजात उमेद होती.

"आई, एक थेंब दे फक्त. उद्या संध्याकाळपर्यंत खानावळ सुरू."

"नाही देत."

तेजलला वाटलं, नीट समजलं नाही. ती पेटी उघडून सांगू लागली. जिवंत जंतूच्या पोटात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्यानं रेणूचं झाकण कापलं तरच रेणू जागा होऊ शकतो. मेलेल्या जंतूत विकर नाही, म्हणजे चमक नाही. "तुझ्यात एकही चमक दिसणार नाही. मग कोणाची हिंमत आहे बोलायची?"

"समजलं मले. तरी नाही देत."

"का पण?"

शेवंताबाई लसूण सोलत होत्या. खाणारं कोणी नसलं तरी हाताला सवय होती. "बरी झाल्यावर मी बोथलीले गेली, माह्या बापाच्या घरी. डॉक्टरचा कागद होता जवळ. बापानं गावातला डॉक्टर बोलावला. त्यानं सांगतलं, बरी हाय. मंग वर्ध्याले नेलं. तिथंही बरी. मंग नागपूर. तिसऱ्या डॉक्टरानं सांगतलं तरी माह्यं ताट गोठ्यातच. तवा मले समजलं, त्याईले पुरावा नव्हता पाहिजे. त्याईले मीच नव्हती पाहिजे."

"ते अडाणी लोक होते. ही प्रयोगशाळा आहे."

"तवाही प्रयोगशाळाच होती वं. मी एकदा बरी झाली, तेजू. किती डाव बरं व्हायचं माणसानं?"

"हा हट्ट आहे, आई."

"हाय. हट्टच हाय."

तेजल चिडून उठली. तिनं रात्रंदिवस एक करून तो रेणू घडवला होता, आणि खरं सांगायचं तर आईसाठीच घडवला होता. "तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. वसाहतीतल्या सगळ्यांना सुटता येईल यातून!"

दारात पंचफुला उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, माह्या नातीचं लगीन जमलंय. पोराकडचे लोक विचारून राहिले. मले देऊ दे थेंब."

शेवंताबाईंनी तिला अडवलं नाही. "ज्याचं त्यानं पाहावं, पंचफुला. मी तुह्यावर रागावणार नाही."

तेजलनं थेंब घेतला आणि सोमवारी नगरपरिषदेच्या यंत्रावर लावला. निकाल यायला फार वेळ लागला नाही. 'एक सक्रिय शक्यता. नसेचा तुकडा काढून तपासणी आवश्यक.'

पंचफुलानं तो निकाल अक्षर लावून वाचला. "म्हणजे माह्यात जिता हाय?"

"नाही मावशी, तसं नाही," तेजल म्हणाली, "हजारो चित्रांत एकदा चमक दिसली आहे, एवढंच." पण पंचफुला ऐकायला थांबली नाही. त्या दुपारी जेवायला बसताना तिनं आपलं ताट उचललं आणि मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी जाऊन बसली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. तिची नात आजीला हाक मारत मागे गेली, तर तिनं हातानंच तिला दूर राहायला सांगितलं.

शेवंताबाई स्वयंपाकघरातून हे बघत होत्या. त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं, अंगणात गेल्या आणि पंचफुलाच्या पुढ्यात फतकल मारून बसल्या. पंचफुलाच्या ताटातली चटणी बोटानं उचलून आपल्या भाकरीवर घेतली. "तुही चटणी नेहमी तिखट होते," एवढंच म्हणाल्या. पंचफुला रडत रडत जेवली.

तेजलचं जेवण तसंच राहिलं. ती पुन्हा नगरपरिषदेत, यंत्राच्या खोलीत जाऊन बसली. तिनं नवी काचपट्टी घेतली आणि तिच्यावर उकळून गाळलेल्या पाण्याचा थेंब सोडला. ना कान, ना रक्त, ना जंतू. रेणू टाकले आणि यंत्र सुरू केलं. पहिल्या पट्टीवर काही नव्हतं. दुसरीवरही नव्हतं. तिसऱ्या पट्टीवर अंधारात एक तांबडा ठिपका चमकला आणि विझला.

'एक सक्रिय शक्यता,' यंत्रानं लिहिलं.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. प्रकाशानं जागे होणारे रेणू कधी कधी उगाचच जागे होतात. खोलीची ऊब पुरते, कधी तेवढंही लागत नाही. झाकण कधी आपोआप निसटतं. प्रयोगशाळेत याला पार्श्वभूमी म्हणत आणि थोड्या चमका हिशेबातच धरत नसत. आजारी मुलाच्या थेंबात हजारो चमका असतात, तिथं एक-दोनचं काही वाटत नाही. पण नगरपरिषदेनं यंत्र घेताना ती मर्यादा शून्यावर आणून ठेवायला लावली होती. नियमात 'निरंक' होतं ना! आणि शून्य दाखवणं हे त्या रेणूच्या स्वभावातच नव्हतं.

तिनं पुण्याला आपल्या प्रमुखांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. शोधनिबंधात लिहू आपण. पण आत्ता बोलू नकोस. राज्यभरासाठी यंत्रांची मागणी यायची आहे. एकदा ती येऊ दे."

"तोवर लोकांच्या नसा कापतील, सर."

"तेजल, भावनेच्या भरात करिअर घालवू नकोस."

तिनं फोन ठेवला आणि घरी आली. स्वयंपाकघरात आई भांडी पुसत होती. तेजल तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. "मी दुसरी चाचणी आणली, म्हणून मावशी अंगणात गेल्या," ती म्हणाली.

"तू नाही धाडलं तिले." शेवंताबाईंनी पातेलं पालथं घातलं. "पण आता तोंड उघडशीन का नाही, ते सांग."

तेजलनं यंत्राबद्दल लेखी अर्ज दिला, आणि परिषदेच्या सभागृहात सुनावणी ठरली. वसाहतीतली माणसं आली होती, पालक आले होते, तंत्रनिकेतनची काही पोरंही मागे उभी होती. टेबलावर यंत्र मांडलं होतं. तेजलनं सगळ्यांसमोर पाण्याच्या पट्ट्या एकामागून एक लावायला सुरुवात केली आणि यंत्राच्या पडद्यावरचं चित्र समोरच्या भिंतीवर मोठं करून दाखवलं. बराच वेळ काळोखच होता. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. एक पालक म्हणाला, "मॅडम, सिनेमा कधी लागणार?" लोक हसले. आणि तेवढ्यात भिंतीवर तांबडा ठिपका चमकला. खाली अक्षरं उमटली: 'एक सक्रिय शक्यता.'

"हे कोणाचं आहे?" डवरेंनी विचारलं.

"पाण्याचं. तुमच्याच नळाचं, उकळलेलं."

तेजल पुढे म्हणाली, "माझी आई हे पोरांच्या ओरडण्यावरून समजून घेते. तिच्याच भाषेत सांगते. एखादं पोरगं भूक नसतानाही 'पोळी' म्हणून ओरडतं. त्यावरून सगळी पंगत उपाशी आहे असं ठरवायचं नसतं. हे यंत्र आजारी माणसाला शोधायला बनवलंय, निरोगी माणसाला दाखला द्यायला नाही. 'निरंक' कोणीच नाही. तुम्ही नाही, मी नाही, हा नळसुद्धा नाही."

मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली. डवरेंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते शेजारच्या सदस्यांशी कुजबुजले, मग उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "सभागृहाचा मान ठेवून मी तोडगा सुचवतो. वसाहतीतल्या ज्यांचे उपचार पूर्वी पूर्ण झालेत, त्यांना चाचणीतून सूट. त्यांना हिरवं कार्ड देऊ. दुकानात दर्शनी लावायचं, म्हणजे लोकांची खात्री पटेल. शेवंताकाकू, पहिलं कार्ड तुमचं."

लोकांना वाटलं, प्रश्न मिटला. पंचफुलानं सुटकेचा निःश्वास टाकला. तेजलनं आईकडे पाहिलं, आणि आईचा आवळलेला जबडा पाहून तिला कळलं की काहीही मिटलेलं नाही.

शेवंताबाई उठल्या. "साहेब, हे कार्ड माह्या समोरच्या तिवारीच्या हॉटेलात लागन का?"

"त्यांना कशाला? त्यांना कधी..." डवरे अडखळले.

"मंग मलेच कायले? मले महारोग होता हे गावातल्या जुन्या लोकायले माहीत हाय. आता नव्या पोट्ट्यायलेही दारावर लटकवून सांगू? लाल चौकट काढली अन् हिरवी लावली, पण चौकट तशीच ठेवली तुम्ही." त्यांनी डावा हात वर केला, वाकड्या बोटांसकट. "दवाईच्या पहिल्या डोसानंच हा रोग दुसऱ्याले लागनं बंद होते, हे तुमच्याच पुस्तकात हाय. मी दोन वर्षं खाल्ली. त्यावर मी कोणाले काहीच देणं लागत नाही. ना थेंब, ना कार्ड. खानावळीत घाण सापडली तर बंद करा, मी हू का चू करणार नाही. पण माह्या अंगाचा हिशेब मी तेराव्या वर्षी देऊन बसली. दुसऱ्यांदा कोणी मागू नये."

"काकू, मग मला सील लावावं लागेल."

"लावा ना बाप्पा. तुमचं काम हाय ते."

सील लागलं. दुसऱ्याच दिवशी तेजलला प्रयोगशाळेचा संदेश आला की प्रकल्पातून तिचं नाव काढण्यात आलं आहे. तिनं तो वाचला, मग टेकडीपलीकडच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, "मुलांच्या तपासणीसाठी माणूस हवाय का? यंत्राची मर्यादा मात्र मी ठरवीन." त्यांना माणूस हवाच होता. पगार निम्म्याहूनही कमी होता.

पंचफुलानं नस कापून दिली नाही. मुलाकडच्यांनी सुनावणीची चित्रफीत पाहिली, दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी लग्न मोडलं. नातीनं आजीला सांगितलं, "बरं झालं. त्या घरात मला तुझं नाव लपवत बसावं लागलं असतं." दुसऱ्या दिवशी पंचफुला पदर खोचून शेवंताबाईंकडे आली आणि तिनं विचारलं, "आज कणीक किती मळू?"

कारण खानावळ चालूच होती. सील दाराला होतं. शेवंताबाईंनी शेगड्या पुढच्या पडवीत आणून मांडल्या होत्या, बाक रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली लावले होते. पूर्वीच्या गर्दीच्या मानानं पोरं थोडीच यायची. काही आईबापांना न सांगता यायची, काही सांगून भांडून यायची. समोरच्या तिवारीनं दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी आपली मोठी कढई आणून दिली. डॉक्टर डवरे रस्त्यानं जाताना मान खाली घालायचे. नियम बदलायचा ठराव त्यांच्या टेबलावर होता म्हणे. तो अजून पुढे सरकला नव्हता.

त्या मंगळवारी परिषदेचा शिपाई रहांगडाले सायकल टेकवून पडवीत आला. हातात नोटीस होती. विनापरवाना अन्नविक्री, दंड, पुढे फौजदारी कारवाई, असं बरंच काही तिच्यात होतं. त्यानं घसा साफ करून वाचायला घेतली.

"थांब," शेवंताबाई म्हणाल्या, "पोट्टे जेवून राहिले. त्याईच्या घशात अडकन. दे इकडं."

"काकू, इथं सही पाहिजे. मिळाल्याची."

त्यांनी सही केली आणि नोटीस उलटी केली. मागची बाजू कोरी होती, कागदही चांगला जाड होता. तेजल पोळ्या लाटत होती. तिच्या पोळ्या अजून नकाशासारख्याच होत होत्या. तिच्याकडून त्यांनी जाड पेन मागून घेतलं, वाकड्या बोटांनी कागद दाबून धरला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आज भरली वांगी. ताक हवं तेवढं.'

मग रहांगडालेच्या देखत जाऊन त्यांनी तो कागद सील लावलेल्या दारावर, बरोबर सीलच्या खाली, कणकेच्या खळीनं चिकटवला.

"बसतं का तू पण?" त्यांनी विचारलं. "गरम हाय."

रहांगडालेनं रस्त्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग टोपी काढून सायकलच्या कॅरिअरला लावली आणि बाकावर पोरांमध्ये जागा करून घेतली.